मंगळावर बोअर मारता येईल का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात चंद्रावर-मंगळावर माणूस राहायला जाईल का यावर थोडंसं लिहिलं होतं आणि शंका असतील तर कळवा म्हणलं होतं. लातूर, बीड, परभणी, हिंगोली सगळीकडून मेसेज आले, बऱ्याच जणांनी व्हॉइस नोटच पाठवल्या. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं घातली नाहीत, भाषा मात्र ज्याची त्याची तशीच ठेवली आहे.

प्रश्न: सर, मंगळावर पाणी सापडलंय म्हणून सगळेच सांगायलेत. मग तिथं बोअर मारला तर किती फुटावर पाणी लागंल?
शेतकरी, औसा तालुका

उत्तर: दादा, पाणी आहे हे खरं, पण आपल्याला माहीत असलेलं वाहतं पाणी नाही, बर्फ आहे. २००८ मध्ये नासाचं फीनिक्स नावाचं यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात उतरलं. त्यानं आपल्या यांत्रिक हातानं माती उकरली तर अगदी वरच, काही सेंटिमीटरवर पांढरे खडे दिसले. चार दिवसांनी पुन्हा फोटो काढला तर ते खडे जागेवर नव्हते. ओल नाही, चिखल नाही, सरळ वाफ होऊन उडून गेले होते. मीठ असतं तर तिथंच राहिलं असतं, म्हणून कळलं की ते बर्फ होतं. म्हणजे ध्रुवाकडं फुटाचीसुद्धा गरज नाही, इंचावर लागतं. गोम अशी की जिथं बर्फ वर आहे तिथं थंडी जीवघेणी आणि ऊन कमी, आणि विषुववृत्ताकडं जिथं दुपारी कधीकधी २० डिग्रीपर्यंत तापमान जातं तिथं बर्फ सहजासहजी हाताला लागत नाही. वस्तीची जागा कुठली निवडायची हा वाद तिथूनच सुरू होतो.

आता समजा बर्फ काढला, वितळवला, तांब्यात घेतला आणि बाहेर ओतला. आपल्याकडं हवेचा दाब साधारण १००० मिलिबार असतो, मंगळावर तो सहा-सातच्या आसपास. एवढ्या कमी दाबात पाणी शून्य डिग्रीच्या जवळपासच उकळायला लागतं, म्हणून तांब्यातलं पाणी जमिनीवर पडता पडता एकीकडं उकळतंय आणि दुसरीकडं गोठतंय असं दिसंल. त्यामुळं विहीर, शेततळं, पाट असलं काहीच उघड्यावर ठेवता येणार नाही, सगळं पाणी बंद टाकीत आणि बंद पाइपात.

आणि ते पाणी तसंच पिताही येत नाही. फीनिक्सलाच तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले, अर्धा ते एक टक्का. थायरॉइडला आयोडीन मिळू न देणारा हा पदार्थ आहे, म्हणजे मंगळावरच्या पाण्याला आरओसारखं काहीतरी लागणारच आणि ते बंद पडून चालणार नाही.

म्हणून खरा भरवसा नव्या पाण्यापेक्षा वापरलेल्या पाण्यावर ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात लघवी, घाम, श्वासातून बाहेर पडलेली वाफ हे सगळं गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी करतात आणि २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोचलं. मला या सगळ्या विषयात हा आकडा सगळ्यात मोठा वाटतो, रॉकेटपेक्षाही मोठा. २०१६ चा एप्रिल तुमच्या भागात कुणी विसरलेलं नसंल, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि साधारण ५ लाख लिटर पाणी. ती गाडी काही तासांत पोचायची. मंगळाला पाठवायची गाडी साधारण २६ महिन्यांतून एकदाच सुटते, कारण पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी यायला तेवढा वेळ लागतो, आणि सुटल्यावरही वाटेत सहा ते नऊ महिने. तिथल्या नळाचा एक वॉशर जरी गेला आणि गोदामात दुसरा नसला तर पुढची खेप कधी आहे ते बघत बसायचं.

प्रश्न: ताई-दादा जे कुणी असाल त्यांना, श्वास घ्यायला हवा कुठून आणणार? सिलिंडर नेऊन नेऊन किती नेणार?
गृहिणी, परभणी

उत्तर: ताई, बरोबर बोललात, सिलिंडरवर वस्ती चालत नाही. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, ऑक्सिजन नावापुरता. पण कार्बन डायऑक्साइडमध्येच ऑक्सिजन अडकलेला असतो ना, तो सोडवायचा. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या चाकांच्या यंत्रगाडीवर, मॉक्सी नावाचं एक यंत्र पाठवलं होतं, ते मंगळाची हवा आत ओढायचं, दाबायचं, ८०० डिग्रीपर्यंत तापवायचं आणि विजेच्या जोरावर ऑक्सिजन वेगळा काढायचं. २०२१ ते २०२३ मध्ये ते अधूनमधून चालवलं आणि एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे सगळा मिळून एका माणसाचे तीन-साडेतीन तास. थोडा वाटतो, पण दुसऱ्या ग्रहावर तिथल्याच हवेपासून माणसानं ऑक्सिजन तयार केला ही पहिली वेळ होती, आणि यंत्र चाचणीपुरतंच लहान बनवलेलं होतं. मोठं करायला अडचण विजेची आहे. सोलर पॅनलवर धूळ बसली की काय होतं हे ज्यांच्या शेतात सोलर पंप आहे त्यांना सांगायला नको, तिथं मात्र पुसायला माणूस नाही. इनसाइट नावाचं यान २०२२ च्या शेवटी याच कारणानं बंद पडलं, आणि त्याआधी २०१८ मध्ये अख्ख्या मंगळावर धुळीचं वादळ आलं तेव्हा चौदा वर्षं चाललेला ऑपॉर्च्युनिटी रोव्हर गप्प झाला तो कायमचाच. म्हणून मंगळावरच्या वस्तीला छोटी अणुभट्टी लागेल असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात, आणि मलाही दुसरा मार्ग दिसत नाही.

हवेच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर २ नावाचं तीन एकराहून थोडं मोठं, काचेचं बंद घर बांधलं होतं. आत शेत, छोटं जंगल, छोटा समुद्रसुद्धा. १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं बाहेरची हवा न घेता राहायचं ठरलं. सोळा महिन्यांतच आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.२ वर आला, लोकांना जिना चढवेना, झोप लागेना, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. हा ऑक्सिजन गेला कुठं ते शोधायलाही वेळ लागला. पीक चांगलं यावं म्हणून माती मुद्दाम भरपूर सेंद्रिय खताची घेतली होती, तिच्यातल्या जिवाणूंनी ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडला, तो झाडांनी घेऊन परत ऑक्सिजन द्यायला पाहिजे होता पण तो भिंतीच्या नव्या काँक्रीटनं शोषून घेतला. म्हणजे खत जास्त झालं आणि भिंत नवी होती एवढ्यावरून आठ माणसांचा श्वास अडला. आणि हे पृथ्वीवर, दार उघडलं की बाहेर हवा, अशा ठिकाणी. मंगळावर दार उघडून चालत नाही. एवढं लहान जग आपल्या हातानं बनवून चालवणं अजून आपल्याला जमलेलं नाही, आणि माझ्या मते वस्तीचा सगळा प्रश्न इथंच येऊन थांबतो.

प्रश्न: मी खुलताबादजवळ राहतो. आमच्याकडचा काळा दगड आणि मंगळावरचा दगड एकच आहे असं ऐकलं. खरं का? आणि मग वेरूळसारखी लेणी खोदून राहता येईल का तिथं?
स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

उत्तर: खरं आहे, जात एकच, बेसाल्ट. आपला दख्खनचा पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून तयार झाला, कैलास लेणं त्यातच कोरलंय, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग तसंच चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. घटकांचं प्रमाण थोडं वेगळं आहे, मंगळावर लोह जास्त, गंजून लाल झालेलं.

जमिनीखाली राहायची कल्पनाही अगदी बरोबर आहे आणि त्याचं कारण किरणोत्सर्ग, म्हणजे अवकाशातून येणारे घातक किरण. मंगळाला पृथ्वीसारखं सगळीकडं पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही, हवेचं पांघरूणही पातळ. क्युरिऑसिटी रोव्हरनं जमिनीवर मोजलं तर दिवसाला साधारण ०.६७ मिलिसिव्हर्ट (अंगाला बसणारा किरणोत्सर्ग मोजायचं माप) भरलं. आपल्याला पृथ्वीवर अख्ख्या वर्षात नैसर्गिकपणे सरासरी २.४ मिळतं. हिशोब लावा, तिथं चार दिवसांत आपलं वर्ष होतं. वाटेत यानात तर याहून जास्त, दिवसाला १.८ च्या आसपास. त्यामुळं डोक्यावर दोन-तीन मीटर माती किंवा दगड पाहिजेच, चित्रांत दाखवतात ते काचेचे चकाचक घुमट विसरा. छिन्नी-हातोडा घेऊन खोदायची मात्र कदाचित गरज पडणार नाही, कारण लाव्हा वाहून गेल्यावर मागं पोकळ बोगदे राहतात आणि गुरुत्व कमी असल्यानं तिथं ते पृथ्वीपेक्षा मोठे असू शकतात. चंद्रावर शांतीसागर म्हणतात त्या मैदानात, जिथं १९६९ ला अपोलो ११ उतरलं, तिथल्या एका खड्ड्याखाली अशी गुहा असल्याचं २०२४ मध्ये रडारच्या जुन्या नोंदींवरून दाखवलं गेलं. मंगळावरही ज्वालामुखींच्या उतारावर असे खड्डे दिसलेत, आत अजून कुणी डोकावलेलं नाही.

प्रश्न: मंगळच का? शुक्र तर जवळ आहे.
जालना

उत्तर: शुक्रावर ४६० डिग्रीच्या वर तापमान आणि पृथ्वीच्या ९० पट दाब आहे. रशियाचं व्हेनेरा १३ यान १९८२ मध्ये उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं, तेही खूप झालं. ढगांत, ५० किलोमीटर उंचीवर तापमान-दाब सोसण्यासारखा आहे पण ते ढग सल्फ्युरिक ॲसिडचे. चंद्र तीन दिवसांवर आहे, काही बिघडलं तर परत येता येतं, म्हणून पहिली वस्ती चंद्रावरच होईल आणि व्हावी.

प्रश्न: लेकरू सातवीला आहे, सारखं म्हणतंय मी मंगळावर जाणार. खरं सांगा, माणसाच्या अंगाला तिथं काय होतं?
एक आई, अंबाजोगाई

उत्तर: ताई, लेकराला नाउमेद करू नका, पण विचारलंत म्हणून खरं तेच सांगतो. वजन नसलेल्या अवस्थेत हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, म्हणून स्थानकावरचे लोक रोज दोन-दोन तास व्यायाम करतात. डोळ्यांवर परिणाम होतो, काहींना चष्म्याचा नंबर बदलतो. सुनीता विल्यम्स आठेक दिवसांसाठी गेल्या होत्या आणि २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या, उतरल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून नेलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. मंगळावर वजन आपल्या ३८ टक्के भरतं, तुमचं लेकरू ४० किलोचं असेल तर तिथं काटा १५ दाखवील. एवढं गुरुत्व हाडांना पुरतं का? माणसावर कुणी तपासलेलंच नाही, कारण चंद्रावर माणसं राहिली ती जास्तीत जास्त तीन दिवस.

आणि मन. मंगळावरून हाक मारली तर ती पृथ्वीवर पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला तेवढीच. फोनवर बोलणं हा प्रकारच संपतो, फक्त निरोप. आईचा आवाज ऐकायचा तर व्हॉइस नोट. याची तयारी म्हणून नासानं ह्यूस्टनमध्ये चार जणांना एका बंद घरात ३७८ दिवस ठेवलं होतं, जून २०२३ ते जुलै २०२४, निरोप उशिरा पोचवण्यासकट. चौघंही धडधाकट बाहेर आले, ही चांगली गोष्ट. पण त्यांना माहीत होतं की भिंतीपलीकडं ह्यूस्टन आहे. मंगळावर अपेंडिक्स फुटलं तर ऑपरेशन करणारा त्या चार-सहा जणांतलाच कुणीतरी असणार.

बाळंतपणाबद्दल अजून एका ताईंनी विचारलंय. सस्तन प्राण्याचं पिल्लू अंतराळात गर्भापासून जन्मापर्यंत वाढलेलं नाही. हे कळल्याशिवाय तिथं मूल जन्माला घालणं मला चुकीचं वाटतं, कारण मोठा माणूस स्वतः ठरवून जातो, त्या बाळाला कुणी विचारलेलं नसतं. आणि मुलं होत नाहीत तोवर तिला वस्ती म्हणता येणार नाही, ठाणं म्हणावं लागेल, अंटार्क्टिकावर आपली मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं आहेत तसं.

प्रश्न: माझ्या हयातीत होईल का हो? वय ५२.
नांदेड

उत्तर: चंद्रावर माणसं मुक्कामाला राहिलेली तुम्ही बघाल, मला खात्री वाटते. भारताचंही २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस असं सरकारनं जाहीर केलेलं लक्ष्य आहे. मंगळावर माणूस जाऊन आलेला कदाचित बघाल, वस्ती नाही. एकच अडचण सांगतो: मंगळावर आजपर्यंत उतरवलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पर्सिव्हिअरन्स, १०२५ किलो. घर, अन्न, वीज, परतीचं रॉकेट धरलं तर एका वेळी कितीतरी टन उतरवावे लागणार, आणि तिथली हवा यान तापवण्याइतकी दाट पण पॅराशूटनं थांबवण्याइतकी नाही.

प्रश्न: इथं माणसाला प्यायला पाणी नाही, शेतकरी फास घ्यायलाय आणि तुम्ही मंगळाच्या गप्पा मारायलात. कशाला पाहिजे हे?
निवृत्त शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर: गुरुजी, तुमचा राग रास्त आहे आणि हे पत्र आलं म्हणून बरं वाटलं. मंगळयानाला साधारण ४५० कोटी लागले, २४ सप्टेंबर २०१४ ला ते पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेलं. तेवढा पैसा वाचवून मराठवाड्याचा दुष्काळ हटला असता असं मला वाटत नाही, कारण आपल्याकडं अडलंय ते पैशापेक्षा पाण्याच्या वाटपावर आणि पीक कुठलं घ्यायचं त्यावर. पण तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मला शंभर टक्के पटते. पृथ्वी बिघडली तर मंगळ आहेच असं जे कुणी सांगतं ते साफ खोटं आहे. आपला सगळ्यात वाईट उन्हाळा घ्या. धरण आटलेलं, गुरं छावणीत. तरी हवा फुकट आहे, दाब अंगाला झेपणारा आहे, डोक्यावर ओझोन आहे, आणि उशिरा का होईना पाऊस येतो. मंगळाच्या सगळ्यात चांगल्या दिवशी यातलं एकही नाही. मंगळालाच पृथ्वीसारखं करू या म्हणणारेही आहेत. २०१८ मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या दोन शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की तिथला हाताला लागण्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी आजच्या तंत्रानं ते जमत नाही, हवा पुरेशी दाट होतच नाही.

मग कशाला? तर पाण्याचा थेंब न् थेंब पुन्हा वापरायचा, निकस मातीत पीक काढायचं, कमी विजेवर शुद्धीकरण चालवायचं, हे जिथं चुकलं तर माणूस मरतो अशा ठिकाणासाठी शोधावं लागतं तेव्हा ते नेटानं शोधलं जातं. ते शिकलेली पोरं आपल्याला इथं पाहिजेत. आणि दुसरं कारण एवढंच की मंगळावरच्या बर्फात कधीकाळी काही जिवंत होतं का हे मला मनापासून जाणून घ्यायचंय, तुम्ही शिकवलेल्या पोरांनाही जाणून घ्यायचं असंल.

प्रश्न: ऑनलाइन मंगळावर प्लॉट विकायलेत, एकराचं सर्टिफिकेट मिळतं. घ्यावा का?
उदगीर

उत्तर: अजिबात नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्र, मंगळ वगैरेवर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही, भारतही त्यात आहे. देशाचीच मालकी नाही तर तुम्हाला सातबारा देणार कोण? पैसे दिले असतील तर सायबर पोलिसात तक्रार करा.

प्रश्न: मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनाला मंगळावरची शेती हा विषय घेतलाय, थर्माकोलचं मॉडेल नको वाटतं. खराखुरा प्रयोग सुचवा ना.
विद्यार्थिनी, सेलू

उत्तर: थर्माकोल नको म्हणलीस हे फार आवडलं. इस्रोनं डिसेंबर २०२४ मध्ये पाठवलेल्या एका छोट्या पेटीत चवळीचं बी अंतराळात चार दिवसांत उगवलं, आणि २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी उगवून बघितली. तू चवळी घे. खडी क्रशरवरून बारीक डस्ट आण, ती आपल्या बेसाल्टचीच असते. तोंडाला मास्क लाव, ती धूळ छातीला वाईट, आणि आधी पाण्यानं धुऊन घे. चार कुंड्या कर: एकीत नुसती डस्ट, दुसरीत डस्ट आणि थोडं शेणखत, तिसरीत डस्ट पण बियाला रायझोबियम (मुळांवर गाठी आणणारे जिवाणू) चोळलेलं, ते कृषी सेवा केंद्रात मिळतं, चौथीत आपली काळी माती. प्रत्येक कुंडीत तेवढंच बी, मापून तेवढंच पाणी. उगवण सगळीकडं होईल, त्यानं फसू नकोस, बियातच शिदोरी असते. खरा फरक दोन-तीन आठवड्यांनी पानाच्या रंगात दिसंल. साधारण पाच आठवड्यांनी रोपं अलगद उपट, मुळं धू, मुळांवरच्या गाठी मोज आणि एक-दोन गाठी ब्लेडनं काप, आत गुलाबी दिसली तर ती हवेतला नायट्रोजन बांधतीय, पांढरी-हिरवट असली तर नाही. मंगळाच्या हवेत नायट्रोजन तीन टक्क्यांच्याही आत आहे, त्यामुळं या गाठींना तिथं काय मिळणार हा प्रश्न परीक्षक विचारतील, उत्तर तयार ठेव. आणि आपल्या डस्टमध्ये परक्लोरेट नाही हे तक्त्यावर स्पष्ट लिही. कुठल्या कुंडीत किती गाठी आल्या ते आणि कापलेल्या गाठीचा फोटो आम्हाला पाठव, पुढच्या अंकात छापू.